चढावर सटकणारी चेन

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी एखाद्या ऐतिहासिक विषयावर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र एका सायकलविषयी लिहिणार आहे. ही सायकल आपल्या वसतिगृहाच्या पडवीत आजही उभी आहे आणि माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ती चालवलेली आहे. तिच्या चेनने मला जे शिकवले, ते पदव्युत्तर अभ्यासक्रमातही मला इतके स्पष्टपणे उमगले नव्हते. त्या शिकण्याची किंमत मात्र मी नव्हे, तर अकरावीतल्या एका विद्यार्थिनीने आपल्या गुडघ्यावर मोजली. म्हणून हा प्रसंग लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने वसतिगृहाला चार गिअरच्या सायकली भेट दिल्या. दहावीनंतर वसतिगृहातच राहून तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला जाणाऱ्या मुलामुलींसाठी त्या होत्या. अंतर सहा किलोमीटरांचे. सकाळची एस.टी. कधी येते, कधी येत नाही. आणि आली तरी प्रात्यक्षिकाच्या वेळेशी जुळत नाही. रस्त्यात ओढ्यावरचा पूल ओलांडला की खिंडीचा चढ लागतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांना तो चढ वेगळा सांगायला नको. सीटवर बसून तो चढवत नाही. पेडलवर उभे राहावे लागते आणि शरीराचा सारा भार एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर टाकत वर जावे लागते.

या सायकलींची नोंदवही माझ्याकडे असते. पंक्चर कधी काढले, ब्रेकचे रबर कधी बदलले, कोणती सायकल कोणाकडे आहे, हे सारे मी नेमाने लिहीत आलो आहे. त्या वर्षी उन्हाळी सुटीत चारही सायकली तालुक्याच्या दुकानात नेल्या. ते दुकान चालवणाऱ्या वयोवृद्ध कारागिरांना आम्ही सारे मामा म्हणतो. चेन जुन्या झाल्या होत्या, म्हणून त्या बदलायला सांगितल्या. मामा म्हणाले, "सर, दोन नंबरच्या सायकलचं फ्रीव्हीलपण बघून घ्या. दात गेलेत." दुरुस्तीसाठी मंजूर झालेली रक्कम मर्यादित होती. मी म्हणालो, "सध्या चेनच बदला मामा, बाकीचं पुढच्या वर्षी पाहू." त्यांनी मान हलवली. नोंदवहीत मी लिहिले : 'चारही सायकलींना नवीन चेन. काम पूर्ण.'

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती विद्यार्थिनी माझ्याकडे आली. दोन नंबरची सायकल तिच्याकडे होती.

"सर, सायकलची चेन उडते."

"पडते का?"

"पडत नाही सर. जागेवरच उडते. खटकन आवाज होतो आणि पाय एकदम खाली जातो."

मी पडवीत जाऊन सायकल स्टँडवर लावली, मागचे चाक उचललेले होते, हाताने पेडल फिरवले. चाक भरभर फिरू लागले. चेन नव्या घड्याळासारखी चालत होती. ना आवाज, ना अडखळ. मी तिला म्हणालो, "बघ, काही नाही. आणि चेन तर नवी आहे."

"हो सर. नवी घातल्यापासूनच उडते."

हे तिचे वाक्य मी ऐकले. परंतु ऐकून घेतले नाही. नव्या वस्तूमुळे बिघाड कसा होईल, या माझ्या समजुतीपुढे ते टिकले नाही. मी तिला उपदेश केला, "चढावर खालच्या गिअरवर येत जा. एकाच गिअरवर जोर काढलास तर चेन सटकणारच." ती म्हणाली, "सर, खालचा गिअर लागतच नाही." मला वाटले, मुलीला गिअर बदलण्याची सवय नसावी. "सवय होईल," असे म्हणून मी वर्गावर निघून गेलो.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. पुन्हा मी पेडल हाताने फिरवून पाहिले. पुन्हा सारे सुरळीत. त्यानंतर तिने तक्रार केली नाही. तक्रार थांबली म्हणजे बिघाड मिटला, असा सोयीचा अर्थ मी लावला. प्रत्यक्षात ती पहाटे अर्धा तास लवकर निघत होती आणि खिंडीचा चढ सायकल हातात धरून चालत चढत होती. हे मला फार नंतर, तिच्या मैत्रिणीकडून कळले.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाल्यावर एके सकाळी तिला उशीर झाला. रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक होते, म्हणून ती त्या दिवशी चढावर सायकलवरून उतरली नाही. पेडलवर उभी राहिली आणि अर्ध्या चढावर चेन सटकली. आधार देणारे पेडल पायाखालून अचानक निसटले, छाती हँडलवर आदळली आणि ती डाव्या अंगाला पडली. गुडघा फुटला, मनगट सुजले. मागून उसाची ट्रॉली येत होती. ट्रॅक्टर चालवणाऱ्या दादांनी वेळीच ब्रेक लावला आणि तिला उचलून रस्त्याच्या कडेला बसवले. हाड मोडले नव्हते, एवढेच. प्रात्यक्षिक बुडाले.

त्या संध्याकाळी मी ती सायकल घेऊन एकटाच खिंडीत गेलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने पेडलवर उभे राहून चढ चढणे हे काही शोभिवंत दृश्य नव्हते. परंतु त्याला इलाज नव्हता. सपाटीवर सायकल छान चालली. पुलापर्यंतही चालली. चढाला लागून मी उभा राहिलो आणि आठ-दहा पावलांतच 'खटाक्' असा आवाज होऊन उजवा पाय वीतभर खाली गेला. मी सावध होतो, हळू होतो, म्हणून पडलो नाही. गिअर बदलण्याचा खटका दाबून पाहिला. तो जागचा हलेना. आतली वायर गंजून धरली होती. 'खालचा गिअर लागतच नाही' या वाक्याचा अर्थ तो होता. त्यात सवयीचा प्रश्नच नव्हता. तिने मला दोन खऱ्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि मी दोन्ही खोट्या ठरवल्या होत्या.

मग मनात पहिला प्रश्न आला, तो असा : जी चेन खिंडीत सटकते, ती पडवीत का सटकत नाही? उत्तर साध्या हिशेबात आहे. पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, साधारण १७० मिलिमीटर लांब असतो. पुढचे चेनव्हील ४२ दातांचे असेल, तर त्याची त्रिज्या सुमारे ८५ मिलिमीटर भरते. म्हणजे दांडा त्रिज्येच्या दुप्पट झाला. तरफेच्या नियमाने, दांडा आडवा असताना पेडलवर जेवढे वजन पडते, त्याच्या दुप्पट ताण चेनमध्ये निर्माण होतो. ४५ किलो वजनाची मुलगी पेडलवर उभी राहिली की चेनला ९० किलोंचा ताण सोसावा लागतो. मी दोन बोटांनी पेडल फिरवत होतो, तेव्हा चेनवर जवळजवळ काहीच भार नव्हता. बिघाड भाराखालीच प्रकट होणारा होता आणि मी त्याची तपासणी भार काढून घेऊन करीत होतो. अशा तपासणीतून निर्दोषपणाचा दाखला मिळणे अटळच होते.

दुसऱ्या दिवशी सायकल मामांकडे नेली. त्यांनी लगेच पाना हाती घेतला नाही. आधी विचारले, "सटकते तेव्हा चेन शेजारच्या दातांवर जाते, की त्याच चक्रीवर पुढं उडी मारते?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "मग आधी तेच बघू." त्यानंतरचा एक तास मी त्यांच्या दुकानात विद्यार्थी होऊन बसलो. तिथे जे कळले, ते आपल्या मुलांना आणि पालकांना उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने सांगतो.

भार आल्यावर पेडल निसटण्याची कारणे मुख्यतः चार. पहिले कारण, गिअरच्या वायरीचा ताण बिघडलेला असणे, किंवा मागे चेनला इकडून तिकडे नेणारा जो हात असतो, ज्याला डिरेलर म्हणतात, तो सायकल पडल्यामुळे वाकलेला असणे. अशा वेळी चेन एका चक्रीवर नीट बसत नाही. खर्र-खर्र आवाज येत राहतो आणि जोर दिला की ती शेजारच्या चक्रीवर चढते किंवा उतरते. मागून पाहिले असता डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या चालू चक्रीच्या बरोबर खाली, उभ्या रेषेत दिसल्या पाहिजेत. त्या तिरक्या दिसल्या, तर दोष तिथे आहे.

दुसरे कारण, चेनचा एखादा सांधा आखडलेला असणे. हा दोष ठरावीक अंतराने येतो. चेनमध्ये सुमारे ११० सांधे असतात. ४२ दातांचे चेनव्हील अडीच फेऱ्यांहून थोडे अधिक फिरले की तोच सांधा पुन्हा त्याच जागी येतो. म्हणून दर अडीच-तीन फेऱ्यांनी झटका बसत असेल, तर पेडल हळूहळू उलटे फिरवावे आणि डिरेलरमधून बाहेर पडताना कोणता सांधा सरळ होत नाही, ते पाहावे. तो सांधा आडवा थोडा हलवून तेल दिले की बहुधा मोकळा होतो.

तिसरे कारण, फ्रीव्हीलच्या आतल्या खटक्यांची झीज. आपण पेडल मारायचे थांबवले तरी चाक टर्र-टर्र करीत पुढे धावते, ते या खटक्यांमुळे. ते झिजले किंवा जुन्या ग्रीसमध्ये चिकटून बसले, तर चक्री फिरते. परंतु चाकाला धरत नाही. अशा वेळी चेन दातांवरून उडत नाही, ती दातांसकट रिकामी पुढे जाते.

चौथे कारण, चेन आणि दात यांचे परस्परांशी न जुळणे. चेन त्याच चक्रीवर राहते, मात्र जोर आला की एक दात ओलांडून पुढे उडी मारते.

आपल्या सायकलला यांपैकी कोणते कारण लागू होते, हे पाहण्यासाठी मामांनी पुढचे चाक भिंतीला टेकवले, मला सीटवर बसवले, मागचा ब्रेक घट्ट धरायला सांगितला आणि पेडल आडवे ठेवून त्यावर हळूहळू वजन टाकायला लावले. स्वतः ते मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले. बोटे मात्र चेनपासून दूर ठेवली. चाक जागचे हलत नव्हते, ताण वाढत होता. "आता बघा," ते म्हणाले. मी मान वळवून पाहिले. चेनचे रूळ दाताच्या कुशीत बसण्याऐवजी दाताच्या उतारावरून हळूहळू वर सरकत होते. शेवटी ते टोकावर आले आणि 'खटाक्'! चेन त्याच चक्रीवर एक दात पुढे गेली होती. चौथे कारण सिद्ध झाले. जे खिंडीत घडत होते, ते आता डोळ्यांसमोर घडले होते.

"पण मामा, चेन तर नवी आहे," मी पुन्हा तेच म्हणालो.

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "जुनी चेन आहे का?"

जुन्या चेन मी टाकून दिल्या नव्हत्या. आपल्या संस्थेत कोणतीही वस्तू सहसा टाकली जात नाही. पडवीतल्या खिळ्यावर त्या लटकत होत्या. दोन नंबरच्या सायकलची चेन मी दुसऱ्या दिवशी नेली आणि सोबत शाळेतली पोलादी फूटपट्टीही. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असते. मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या देशांतही हे अर्ध्या इंचाचे माप कायम आहे. म्हणून पहिली पिन शून्यावर ठेवली, तर पंचविसावी पिन १२ इंचांच्या रेघेवर आली पाहिजे. नव्या चेनची आली. जुनीची एक सूतभर पुढे गेली.

सुतारकामाशी परिचय असलेल्यांना हे माप ठाऊक आहे. एका इंचाची आठ सुते. फुटामागे अर्ध्या सुताची वाढ दिसली की चेन बदलावी, म्हणजे दात बहुधा वाचतात. पूर्ण सुतापर्यंत थांबलो, तर चेनने आपल्याबरोबर दातही नेले असे समजावे. आम्ही पूर्ण सुतापर्यंत थांबलो होतो.

चेन 'वाढते' असे आपण म्हणतो. खरे तर लोखंडी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आतल्या बाजूने झिजते, धूळ आणि जुने तेल यांचा लेप तिला कानशीसारखा घासत राहतो. एका सांध्याची झीज किती? एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, ते २४ सांध्यांत वाटले, तर प्रत्येकी सुमारे ०.१३ मिलिमीटर. डोळ्यांना दिसू नये इतकी. एकेक सांधा तपासला असता, तर प्रत्येकाला 'ठीक आहे' असाच शेरा मिळाला असता. फूटभर लांबीवर मोजले, तेव्हाच ती दिसली.

आता ही झिजलेली चेन ज्या चक्रीवर वर्षानुवर्षे फिरली, त्या चक्रीचे दातही तिच्या मापाने झिजले. मामांनी कापडाने चक्री पुसून दाखवली. सहा चक्र्यांपैकी पाच जवळजवळ कोऱ्या होत्या. चौथ्या गिअरच्या, १८ दातांच्या चक्रीचे दात मात्र एका बाजूने खोलगट होऊन विळ्याच्या टोकासारखे वाकले होते. कारण उघड होते. गिअरची वायर कधीतरी गंजली, सायकल चौथ्या गिअरवर अडकली आणि नंतरच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती तशीच चालवली. सहा चक्र्यांचे काम एकटी चक्री करीत राहिली. जुन्या चेनचे वाढलेले अंतर आणि या चक्रीच्या खोलगट कुशी यांचे एकमेकांशी जुळले होते, म्हणून सायकल विनातक्रार चालत होती. मी नेमक्या मापाची नवी चेन आणली आणि ती त्या बिघडलेल्या दातांवर बसेना. भार मोजक्याच दातांवर येऊ लागला, रूळ उतारावरून वर चढू लागले आणि चेन उडू लागली.

खात्रीसाठी मामांनी वायर बदलून गिअर मोकळे केले. इतर पाचही गिअरवर मी भिंतीला चाक टेकवून जोर दिला. चेन एकदाही उडाली नाही. चौथ्यावर आणले की उडाली. मग त्यांनी जुनी चेन चढवून पाहिली. चौथ्या गिअरवरही ती निमूटपणे चालली! क्षणभर मला मोह झाला की, हेच राहू द्यावे, खर्चही वाचेल. मामा म्हणाले, "चालेल सर, काही महिने चालेल. पण ही आता पुढचं चेनव्हीलपण खाईल. आणि मग एक दिवस सगळंच एकदम सटकेल." झिजलेले झिजलेल्याशी जुळवून घेते, तेव्हा आवाज होत नाही, म्हणून ते ठीक आहे असे होत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे या अर्ध्या इंचाच्या सांध्याची कुळकथा सांगितल्यावाचून मला राहवत नाही. पूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलला चेन नव्हतीच. पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे, म्हणून वेग हवा तर चाकच प्रचंड करावे लागे. स्वार जवळजवळ माणसाच्या उंचीवर बसे आणि पडला तर तोंडावर पडे. १८८० मध्ये मँचेस्टर येथे हान्स रेनोल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने रूळ बसवलेल्या चेनचे पेटंट घेतले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल आणली. तिची दोन्ही चाके साधारण सारखी होती आणि पेडलची शक्ती चेनने मागच्या चाकाला दिली होती. चेन आली म्हणून सायकल खाली आली, पाय जमिनीला टेकू लागले आणि ती धाडसी पुरुषांपुरती न राहता स्त्रियांच्याही हाती आली. गिअरची गोष्ट त्यानंतरची. तूर द फ्रान्स या प्रसिद्ध शर्यतीत तर डिरेलरला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरो या कंपन्यांनी सायकली बनवायला प्रारंभ केला. माझ्या लहानपणी गावात तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकली अशाच काळ्या, एका चक्रीच्या असत. दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत आम्ही शिकलो. त्या सायकलींचीही चेन झिजे, सैल होऊन पडे. परंतु मागचे चाक थोडे मागे ओढून ती घट्ट करता येई. गिअरच्या सायकलमध्ये ढिली झालेली चेन डिरेलरचा हात स्वतःच ओढून धरतो. त्यामुळे झीज लपून राहते आणि मोजल्याशिवाय कळत नाही.

दुरुस्ती ठरली : नवी चेन तशीच ठेवायची आणि फ्रीव्हील नवे घालायचे. जुने फ्रीव्हील काढणे हे मात्र दोन माणसांचे काम निघाले. ते चाकाच्या तुंब्यावर आट्यांनी बसवलेले असते आणि पेडलच्या प्रत्येक जोराबरोबर अधिकच घट्ट होत जाते. मामांनी त्याच्या खाचांत बसणारे हत्यार व्हाइसमध्ये पकडले, चाक त्यावर आडवे ठेवले आणि मोटारीचे सुकाणू फिरवावे तसे आम्ही दोघांनी ते डावीकडे रेटले. तिसऱ्या झटक्याला ते सुटले. नवे बसवताना मामांनी आट्यांना ग्रीस लावले आणि म्हणाले, "पुढच्याला सोपं जावं म्हणून."

सायकल परत आणली, तेव्हा मी स्वतः खिंड चढून पाहिली. चेन धरून राहिली. नंतर त्या विद्यार्थिनीला बोलावले. तिचा गुडघा बरा झाला होता. परंतु ती सायकलकडे संशयाने पाहत होती आणि तिचा तो हक्क होता. मी तिला सारा प्रकार समजावून सांगितला, चक्रीचे झिजलेले दात दाखवले आणि म्हणालो, "तू पहिल्याच दिवशी सगळं बरोबर सांगितलं होतंस. नवी चेन घातल्यापासून उडते, जोर दिल्यावर उडते, गिअर लागत नाही. मी ऐकलं नाही. चूक माझी झाली." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, ते जुनं फ्रीव्हील मी ठेवू का?" आज ते तिच्या टेबलावर कागद दाबून ठेवण्याच्या कामी येते.

ही गोष्ट एका सायकलपुरती लहान आहे, असे मला वाटत नाही. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीतील मुलींना सायकलीसाठी शासनाने पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या वाढल्याचे आणि शाळा जिथे दूर, तिथे ही वाढ अधिक असल्याचे आढळले. सहा किलोमीटर हे अंतर नकाशावर नगण्य असते. बुडालेल्या प्रात्यक्षिकांच्या हिशेबात ते फार मोठे होते. सायकल देणाऱ्याने एक काम केलेले असते. ती चढावर विश्वासाची राहील, हे पाहणे हे दुसरे काम आहे आणि ते आपल्याकडे, मागे राहिलेल्यांकडे असते.

पालकांना विनंती अशी की, मुलाला गिअरची सायकल घेऊन दिली असेल, तर घरातली फूटपट्टी दर तीन महिन्यांनी चेनला लावा. अर्धे सूत वाढ दिसली की चेन बदला. तेव्हा थोडक्यात भागते. चेन आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक सांध्यावर तेलाचा एक थेंब द्या आणि वरचे जादा तेल पुसून टाका. कारण ओली चेन धूळ धरते. सारे गिअर अधूनमधून वापरा, म्हणजे एकाच चक्रीवर भार येणार नाही आणि वायरही धरणार नाही. नवी चेन घातल्यावर ती उडू लागली, तर नव्या चेनला दोष देण्याआधी जुने दात पाहा.

आणि मूल 'चेन उडते' म्हणाले, तर चाक उचलून, हाताने फिरवून निकाल देऊ नका. ज्या रस्त्यावर, ज्या चढावर, ज्या वजनाखाली ती उडते, तिथे जाऊन पाहा.

त्या वर्षापासून आपल्या सायकलींच्या नोंदवहीत मी दोन रकाने वाढवले आहेत. एकाचे नाव 'चढावर चालवून पाहिली का?' आणि दुसऱ्याचे 'चालवणाऱ्याचे म्हणणे'. पहिला रकाना मी भरतो. दुसरा रकाना विद्यार्थी स्वतःच्या हाताने भरतात, आणि तो भरल्याशिवाय 'काम पूर्ण' असे मी आता लिहीत नाही.